वचन अहवालात, निवेदन मंत्रालयात

गेल्या महिन्यात या सदरात कंपन्यांच्या ‘नेट झिरो’ घोषणांविषयी एक प्रश्न आला होता. ‘नेट झिरो’ म्हणजे हवामान तापवणारे जितके वायू हवेत सोडले जातात, तितकेच परत शोषून हिशेब शून्यावर आणणे. उत्सर्जन निव्वळ शून्यावर कोणत्या साली आणणार यापेक्षा, ते आणण्यासाठी लागणाऱ्या नियमांविषयी कंपनी सरकारला काय लिहून देते हे पाहावे, असे एक वाक्य त्या उत्तरात जाता जाता लिहून गेलो होतो. त्या वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या उत्तरावर आली नाहीत. नाशिक शहर, अंबड आणि निफाडकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न येथे घेत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत, आणि ज्या कंपनीविषयी किंवा संघटनेविषयी त्यांची स्वतःची तक्रार आहे तिचेही नाव गाळले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गंगापूर रोडला राहते. निवृत्तीच्या रकमेतला काही भाग एका मोठ्या उत्पादक कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवला आहे. तिच्या वार्षिक अहवालात सुरुवातीलाच हिरव्या डोंगराचे चित्र आणि ‘२०५० पर्यंत निव्वळ शून्य’ असे वचन आहे. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात वाचले, की ही कंपनी ज्या उद्योग संघटनेची सभासद आहे, तिने उत्सर्जनाच्या नव्या नियमाला मुदतवाढ मागितली आहे. याला फसवणूक म्हणावे काय?

उत्तर : बाई, तो शब्द वापरण्याआधी हे दोन कागद कोणी लिहिले ते पाहू. मोठ्या कंपनीत शाश्वतता अहवाल तयार करणारा विभाग वेगळा असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर गुंतवणूकदार व परदेशी ग्राहक असतात. मंत्रालयाशी पत्रव्यवहार करणारा विभाग दुसरा, बहुधा दिल्लीत बसणारा, आणि त्याचे वर्षभराचे काम मोजले जाते ते किती सवलती पदरात पडल्या यावर. एकाचा कागद दुसऱ्याने वाचलेला असतोच असे नाही. तिसरा कागद संघटनेचा. संघटनेत चाळीस कंपन्या असतील, तर पत्राचा मसुदा असा बेतला जातो की चाळिसांतल्या सर्वांत मागे असलेल्या सभासदालाही तो खुपू नये. त्यामुळे संघटनेच्या पत्रात सभासदांचे सरासरी मत सापडेल अशी अपेक्षा आपण ठेवतो आणि सापडते ते सर्वांत नाखूश सभासदाचे.

एवढे समजून घेतले तरी कंपनी मोकळी होत नाही. वचनाचे श्रेय तिच्या नावावर जमा होते, नियम लांबल्याने वाचलेला पैसाही तिच्याच खात्यात पडतो, आणि नियम लांबवणाऱ्या पत्रावर सही मात्र संघटनेच्या सरचिटणीसांची असते. ही सोय कोणाच्या लक्षात आलेली नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जून २०२१ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ वर एक छुपे चित्रण दाखवले गेले. एक्झॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीचा वॉशिंग्टनमधील एक वरिष्ठ लॉबिस्ट, म्हणजे सरकारदरबारी कंपनीला हवे ते धोरण मांडणारा माणूस, आपण नव्या नोकरीसंबंधी बोलत आहोत अशा समजुतीत, सांगून गेला की कंपनी कार्बन कराला जाहीर पाठिंबा देते, कारण तो कर कधी लागू होणार नाही हे तिला ठाऊक आहे. कंपनीच्या प्रमुखांनी ही कंपनीची भूमिका नसल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली. खायचे दात आणि दाखवायचे दात एकाच माणसाने एका बैठकीत उघडून दाखवल्याचे असे उदाहरण विरळाच. एरवी आपल्याला कागदांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

आपल्याकडे त्यासाठी हाताशी असलेला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे ‘बीआरएसआर’, अर्थात व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने तो २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बंधनकारक केला आहे. त्याची मांडणी नऊ तत्त्वांवर आहे. सहावे तत्त्व पर्यावरणाचे, आणि सातवे, सार्वजनिक धोरणावर प्रभाव टाकताना जबाबदारीने व पारदर्शकपणे वागण्याचे. वाचक सहाव्यापाशी रेंगाळतात, कारण तेथे आकडे असतात. सातव्यावरून पान उलटले जाते.

हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी एका कंपनीचा असा अहवाल समोर घेऊन बसलो. सातव्या तत्त्वाखालच्या पहिल्या तक्त्यात दहा संघटनांची नावे होती आणि प्रत्येकीसमोर ‘राष्ट्रीय’ किंवा ‘राज्य’ एवढा एकच शब्द. त्याखाली दुसरा तक्ता होता. कोणते धोरण मांडले, कोणत्या मार्गाने मांडले, ती माहिती सार्वजनिक आहे का, संचालक मंडळाने तिचा आढावा किती वेळा घेतला आणि ती कोठे वाचता येईल, असे त्याचे रकाने. सर्व रकाने ओलांडून आडवे एकच वाक्य छापले होते, त्याचा आशय असा, की कंपनी उद्योग संघटनांच्या माध्यमातून धोरणविषयक चर्चेत वेळोवेळी सहभागी होते. ज्या कंपनीने चार पाने आधी कारखान्यात वापरलेले पाणी किलोलिटरमध्ये मोजून लिहिले होते, तिला आपण सरकारला काय सांगितले हे एका ओळीपलीकडे आठवत नव्हते. यात नियमभंग झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिला तक्ता अनिवार्य आहे, दुसरा ऐच्छिक.

आपल्या कंपनीचा हा भाग काढून पाहावा आणि त्यातल्या संघटनांनी मुदतवाढीचे जे पत्र पाठवले, ते मिळाल्यास सबंध वाचावे. बातमी पुरेशी नसते. मुदतवाढ मागणे हे दर वेळी पाप नव्हे. चाचणीच्या प्रयोगशाळा नाहीत, यंत्रसामग्री देशात बनत नाही, अशा अडचणी खऱ्या असतात. पत्रात नवी तारीख किती आहे, तोवर काय काय पूर्ण करणार हे लिहिले आहे का, की नुसतेच ‘उद्योगाला अवधी द्यावा’ असे आहे, हे पाहिले की हेतू बराचसा उघड होतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी पाहत वाढलेल्या नाशिककरांना एक उदाहरण जवळचे वाटेल. कोळशावरच्या वीज केंद्रांच्या धुरात गंधकाच्या वायूचे प्रमाण किती असावे हे डिसेंबर २०१५ मध्ये ठरवले गेले आणि ते पाळण्यास दोन वर्षे दिली गेली. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतांश केंद्रांना तो वायू धुरातून काढणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून वगळले गेले. हा वायू हवेच्या प्रदूषणाचा, हवामानबदलाच्या हिशेबातला नव्हे. पण ‘थोडा अवधी’ दहा वर्षांत कसा विरघळतो ते यातून दिसते.

तेव्हा फसवणूक म्हणावे की नाही, हे आपण पत्र वाचल्यावर ठरवावे. माझे मत विचाराल तर, वचन मोठे आणि दुसरा तक्ता रिकामा असेल, तर त्या वचनाची किंमत मी शून्याच्या जवळपास धरतो.

प्रश्न : अंबडला माझे छोटे मशीन शॉप आहे, बावीस माणसे कामाला आहेत. ज्या बड्या कंपनीला आम्ही सुटे भाग देतो, तिने यंदा वीज, डिझेल आणि भंगार यांचा वर्षाचा तपशील भरून मागितला. दोन वर्षांत उत्सर्जन कमी दिसले नाही तर व्हेंडर रेटिंग, म्हणजे पुरवठादार म्हणून आमची श्रेणी, घसरेल असे सांगितले आहे. त्याच कंपनीचे अधिकारी एका औद्योगिक संघटनेच्या समितीवर आहेत, मीही तिचा सभासद आहे. ऊर्जेसंबंधीच्या एका मसुद्याला विरोध करणारे निवेदन त्या समितीने तयार केले. ते शुक्रवारी रात्री साडेनऊला व्हॉट्सॲप गटावर आले आणि खाली टीप होती, की सोमवारी दुपारी बारापर्यंत सूचना न आल्यास संमती समजली जाईल. शनिवारी माझी एक सीएनसी मशीन बंद पडली होती, रविवारी मिस्त्री शोधत होतो. सोमवारी निवेदन माझ्याही नावाने गेले. आम्ही नेमके कोणाचे ऐकायचे?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण या विषयावरच्या जाड अहवालांत जे सापडत नाही ते त्यात आहे. मोठमोठ्या निवेदनांवर ‘आमच्या इतक्या हजार सभासदांच्या वतीने’ असे छापलेले असते, आणि ते हजार सभासद सोमवारी दुपारी बारा वाजता काय करत होते हे कोणी विचारत नाही.

आधी तपशिलाविषयी. आपल्या शॉपचे उत्सर्जन हे ग्राहक कंपनीच्या हिशेबात ‘स्कोप ३’ मध्ये मोडते. स्वतःच्या भट्ट्या व वाहने हा पहिला गट, विकत घेतलेली वीज हा दुसरा, आणि पुरवठादारांपासून ग्राहकाच्या वापरापर्यंत उरलेले सगळे तिसऱ्या गटात. वाहन उद्योगासारख्या धंद्यात तिसरा गट बाकी दोघांच्या कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे वचन पाळायचे तर कंपनीला आपल्या दारात यावेच लागते. तिचे मागणे गैर नाही.

आता आपल्या उत्सर्जनाचा हिशेब मांडा. मशीन शॉपमध्ये त्यातला मोठा वाटा विजेचा असणार. मशीन चालवण्याची पद्धत सुधारून, हवेची गळती थांबवून, दिवे बदलून आपण थोडी बचत कराल; पण महावितरणच्या तारेतून येणारी वीज कोळशाचीच राहिली तर आकडा एका मर्यादेखाली उतरणार नाही. तारेतली वीज स्वच्छ होणे किंवा स्वच्छ वीज परवडेल अशा दराने बाहेरून घेता येणे, हाच आपल्यासारख्याला स्वस्त मार्ग. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी हरित विजेच्या ‘ओपन ॲक्सेस’ची, म्हणजे वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून वीज घेण्याच्या मुभेची, किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, तेव्हा मध्यम आकाराच्या शॉपलाही हे दार किलकिले झाले. पुढे त्यावर कोणते अधिभार लागतात यावर ते दार उघडे राहणार की नाही हे ठरते, आणि ते अधिभार नियामक आयोगापुढच्या सुनावण्यांत ठरतात. म्हणजे आपला आकडा कमी करण्याची मोठी किल्ली धोरणात आहे. जी कंपनी आपल्याकडे आकडा मागते, तिने त्या सुनावणीत स्वच्छ विजेच्या बाजूने उभे राहणे हे तिच्या वचनाचे पहिले कर्तव्य ठरते. ती तेथे गप्प राहिली किंवा उलट बोलली, तर वचनाचा खर्च तिने आपल्या खांद्यावर ढकलला आणि वचन पाळणे सोपे करणारा नियम मागे खेचला, असा त्याचा अर्थ होतो.

ज्या मसुद्याला विरोध झाला त्याचा आशय आपण कळवलेला नाही, म्हणून त्या निवेदनाचा न्याय मी करत नाही. विरोधाचे प्रकार मात्र वेगळे ओळखावेत. परदेशी माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावर युरोपीय संघ आपल्या सीमेवर आकारतो त्या कार्बन शुल्काचे, म्हणजे ‘सीबॅम’चे पाहा. त्याची माहिती देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि शुल्काचा टप्पा जानेवारी २०२६ पासून. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांवर तो लागू होतो आणि पोलादाच्या यादीत नट-बोल्टही आहेत. भारत सरकारने त्याला जाहीर विरोध केला आहे. ज्यांनी आजवर सर्वाधिक धूर सोडला त्यांची जबाबदारी अधिक, हे १९९२ साली रिओच्या पृथ्वी परिषदेत मान्य झालेले तत्त्व आणि हे शुल्क एकमेकांशी जुळत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. या युक्तिवादात तथ्य आहे असे मला वाटते. एखादी भारतीय कंपनी त्याच्या आधारे विरोध करत असेल, तर केवळ तेवढ्यावरून तिला दुटप्पी म्हणता येणार नाही. पण तीच कंपनी दिल्लीत देशी कार्बन बाजारालाही, म्हणजे उत्सर्जनाच्या हक्कांच्या खरेदी-विक्रीलाही, विरोध करू लागली, तर रिओचे तत्त्व तिला फक्त ब्रसेल्समध्ये आठवते असे म्हणावे लागेल.

राहिला सोमवारचा प्रश्न. झालेल्या निवेदनावर आपली असहमती चार ओळींत लिहून संघटनेच्या सचिवांना पाठवावी आणि ती पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती करावी. भांडण नको, एवढेच लिहावे की सूचना देण्यास मिळालेला वेळ सुट्टीचा होता आणि मसुद्यातील अमुक तरतुदीला आपला पाठिंबा आहे. मौन म्हणजे संमती ही टीप बदलून, हवामान व ऊर्जा यांविषयीच्या निवेदनांना किमान सात दिवस द्यावेत, असाही ठराव सुचवता येईल. आणि ग्राहक कंपनीचा तपशील भरून पाठवताना सोबतच्या पत्रात एक प्रश्न जोडावा: आपल्या समिती सदस्यांनी या मसुद्यावर कोणती भूमिका घेतली? असा प्रश्न एकट्या पुरवठादाराने विचारणे अवघड असते हे मी जाणतो. पाच-सहा जणांनी मिळून विचारावा.

प्रश्न : मी इंदिरानगरमध्ये सनदी लेखापाल म्हणून काम करतो. संघटनेची भूमिका पटत नसेल तर कंपनीने सरळ बाहेर पडावे. यात एवढे गुंतागुंतीचे काय आहे?

उत्तर : बाहेर पडण्याची उदाहरणे भरपूर आहेत. हवामानविषयक भूमिकेवरून ॲपलने २००९ मध्ये अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्सचे सभासदत्व सोडले. बीएचपी या खाण कंपनीने आढावा घेऊन २०१८ मध्ये जागतिक कोळसा संघटना सोडली. तेल कंपन्यांपैकी शेलने २०१९ मध्ये १९ संघटनांचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी अमेरिकी तेलशुद्धीकरण कंपन्यांची संघटना सोडण्याचे ठरवले. बीपीने २०२० मध्ये ३० संघटना तपासून ३ सोडल्या. फ्रान्सच्या टोटलने जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही तेल-वायू उद्योगाची मोठी संघटना सोडली. मिथेनच्या नियमांबाबतची आणि विजेवरील वाहनांच्या अनुदानाबाबतची त्या संस्थेची भूमिका हे तिने दिलेल्या कारणांत होते. शेल आणि बीपी मात्र त्या इन्स्टिट्यूटमध्येच राहिल्या. लहान खोली सोडून दिवाणखान्यात बसून राहण्याचा हा प्रकार झाला.

त्याआधीचा इतिहास आणखी बोलका आहे. १९८९ साली अमेरिकेत ‘ग्लोबल क्लायमेट कोॲलिशन’ नावाची उद्योगांची आघाडी उभी राहिली आणि तिने उत्सर्जन घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराला कडवा विरोध केला. १९९७ साली बीपी, १९९८ साली शेल, मग फोर्ड, असे सभासद गळत गेले आणि २००२ मध्ये आघाडी बंद झाली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेने क्योटो करारातून अंग काढून घेतले होते. दुकान बंद झाले तेव्हा माल विकून झाला होता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

म्हणून सभासदत्व सोडल्याची बातमी मला फारशी हलवत नाही. संघटनेत राहून लेखी असहमती नोंदवणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण तसे करताना कंपनीला आपल्याच धंद्यातल्या मित्रांचा रोष पत्करावा लागतो. युनिलिव्हरच्या तेव्हाच्या प्रमुखांनी २०१९ मध्ये आपल्या सर्व संघटनांना पत्र पाठवून, तुमचे लॉबिंग आमच्या हवामानविषयक भूमिकेशी सुसंगत आहे का, असे विचारले होते. आपल्याकडचे ताजे उदाहरण मोटारींचे आहे. कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर मर्यादा घालणाऱ्या ‘कॅफे’ नियमांचा पुढचा टप्पा २०२७ पासूनचा आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मसुद्यात लहान पेट्रोल गाड्यांसाठी काही सवलत सुचवली गेली. अशी सवलत हवी, असे मारुती सुझुकीने जाहीरपणे मांडले. टाटा मोटर्सने तितक्याच जाहीरपणे विरोध केला. गाडीच्या वजनावर आधारलेल्या सूत्राचा जाच हलक्या गाडीला होतो, हा पहिल्या बाजूचा मुद्दा. अशा सवलतीने विजेवरच्या गाड्यांकडे जाण्याची निकड कमी होते, हा दुसरीचा. कोण बरोबर हा वाद येथे सोडवायचा नाही. दोन्ही बाजू नावानिशी बोलल्या, आणि त्यामुळे आपल्यासारख्याला त्यांची वचने व त्यांचे बोलणे शेजारी शेजारी ठेवून पाहता आले, हे मला महत्त्वाचे वाटते. संघटनेच्या एका गुळमुळीत पत्रात ते बुडून गेले असते.

लेखापाल म्हणून आपल्याला एक गोष्ट विशेष खटकेल. जुळवणी दोन्ही बाजूंनी होऊ शकते. ताळेबंद जमत नसेल तर खर्च कमी करता येतो, तसे अंदाजपत्रकही बदलता येते. व्होल्वो कार्सने २०२२ मध्ये युरोपीय मोटार उत्पादकांची संघटना सोडण्याचे जाहीर केले तेव्हा २०३० पर्यंत सर्वच्या सर्व गाड्या विजेवर, असे तिचे उद्दिष्ट होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते सैल करून त्यात प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बॅटरीसोबत इंधनाचे इंजिनही असलेल्या, गाड्याही बसवल्या. बीपीने २०२० मध्ये तेल व वायूचे उत्पादन २०३० पर्यंत ४० टक्के घटवण्याचे ठरवले होते, २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणले आणि २०२५ मध्ये उद्दिष्टच बाजूला ठेवले. वचनच खाली उतरले की लॉबिंग आपोआप त्याच्याशी सुसंगत होते. अशा सुसंगतीचे प्रमाणपत्र कोणी पुढे केले, तर आधी वचन कोणत्या वर्षीच्या अहवालातले आहे ते विचारावे.

प्रश्न : मी नाशिकमध्ये विधी शाखेचा विद्यार्थी आहे. लॉबिंगविषयी भारतात कायदा आहे का? नसेल तर एखाद्या कंपनीने काय मागितले हे शोधायचे कसे?

उत्तर : स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टांना नोंदणी करावी लागते आणि कोणत्या विषयावर किती खर्च केला हे कळवावे लागते. युरोपीय संघाची पारदर्शकता नोंदवही आहे. आपल्याकडे २०१३ मध्ये लोकसभेत या विषयावर एक खासगी विधेयक मांडले गेले होते, ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. आपल्या भाषेतही या कामाला धड नाव नाही. रदबदली म्हटले की ओळखीने काम करून घेणे डोळ्यांसमोर येते आणि निवेदन म्हटले की जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेरचे शिष्टमंडळ. दोन्हींच्या मधला, सूट-बूट घालून मसुद्यातला एक शब्द बदलून घेण्याचा जो व्यवहार आहे, त्याला आपण इंग्रजीतूनच हाक मारतो.

शोधण्याच्या वाटा मात्र आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांखालील मसुदा अधिसूचनेवर हरकती व सूचनांसाठी ६० दिवस असतात. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार कोणताही मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर द्यावा, असे अपेक्षित आहे. ते धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे त्याचे पालन मंत्रालयागणिक बदलते. गोषवारा सापडला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपये शुल्क आणि उत्तरासाठी ३० दिवस. कलम ८(१)(डी) खाली व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे येऊ शकते, म्हणून अर्जात कंपनीची माहिती मागू नये, ‘अमुक मसुद्यावर उद्योग संघटनांकडून प्राप्त हरकती व सूचनांच्या प्रती’ असे नेमके मागावे. जाहीर आवाहनाला उत्तर म्हणून आलेल्या पत्राला गुपित म्हणणे अधिकाऱ्याला जड जाते.

आणखी एक युक्ती सांगतो, ती फुकट आहे. मसुदा आणि अंतिम अधिसूचना शेजारी ठेवून ओळ अन् ओळ ताडून पाहावी. केंद्राच्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेखाली सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली (क्लोरीन व कॉस्टिक सोडा) आणि कागद या उद्योगांची उत्सर्जन-तीव्रतेची, म्हणजे दर टन उत्पादनामागील उत्सर्जनाची, उद्दिष्टे २०२५ मध्ये आधी मसुदा म्हणून आणि नंतर अंतिम स्वरूपात आली. ज्या रकान्यात आकडा बदलला, तेथे कोणीतरी बोलले असणार. कोण, ते माहिती अधिकारातून शोधता येईल. लंडनची ‘इन्फ्लुएन्समॅप’ ही संस्था २०१५ पासून जगभरात बरेचसे असेच काम करते आणि कंपन्यांना व संघटनांना ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी देते.

चांगले आचरण कशाला म्हणावे याची मोजपट्टीही तयार आहे. मार्च २०२२ मध्ये काही मोठ्या गुंतवणूकदारांनी, त्यांत स्वीडनचा एक निवृत्तिवेतन निधी आणि चर्च ऑफ इंग्लंडचे निवृत्तिवेतन मंडळही होते, जबाबदार हवामान-लॉबिंगचे १४ निकष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानेही सांगितले, की निव्वळ शून्याचे वचन देणाऱ्याने आपल्या संघटनांची नावे उघड करावीत आणि त्यांच्याकडून विसंगत लॉबिंग होत असेल तर ते बदलण्याचा प्रयत्न करावा, जमले नाही तर बाहेर पडावे. प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर बीआरएसआरच्या सातव्या तत्त्वातला तो ऐच्छिक तक्ता किती कंपन्यांनी खरोखर भरला हे मोजून पाहा.

प्रश्न : निफाड तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. अवकाळी पाऊस आणि गारपिटीने दोन हंगाम गेले. आमची संघटनाही मंत्र्यांना निवेदने देते. मग ते लॉबिंग नाही का?

उत्तर : आहेच, आणि त्यात कमीपणा नाही. सरकारपुढे आपले म्हणणे मांडणे हा हक्क आहे. फरक एवढाच, की आपले निवेदन वाजतगाजत जाते, छायाचित्रासह दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून येते, आणि आपण एका हातात ‘२०५० पर्यंत’चे वचन घेऊन दुसऱ्या हाताने ते निवेदन दिलेले नसते. गारपिटीनंतर नुकसानभरपाई मागताना, हवामान बिघडवणाऱ्या उत्सर्जनाच्या नियमांविषयीही आपल्या संघटनेने दोन ओळी लिहाव्यात, अशी माझी सूचना आहे. त्या मसुद्यांवर हरकती व सूचना बहुधा कारखानदारांच्याच येतात. बागायतदाराची आली, तर अधिकाऱ्याला ती निदान नवीन वाटेल.

प्रश्न : नाशिकरोडला राहतो, माझ्याकडे एका कंपनीचे अवघे चाळीस शेअर आहेत. वार्षिक सभेत मी हा विषय काढू शकतो का?

उत्तर : ठराव मांडणे आपल्याला शक्य होणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम १०० आणि १११ नुसार त्यासाठी मताधिकार असलेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा पाठीशी लागतो. जपानमध्ये २०२३ साली युरोपातल्या तीन गुंतवणूकदारांनी टोयोटाच्या सभेत, कंपनीने आपल्या हवामान-लॉबिंगचा दरवर्षी आढावा प्रसिद्ध करावा, असा ठराव मांडला. संचालक मंडळाने विरोध केला आणि ठरावाला सुमारे १५ टक्के मते मिळाली. तेवढी ताकद आपल्या चाळीस शेअरमध्ये नाही. प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र एका शेअरलाही आहे, आणि बऱ्याच कंपन्यांच्या सभा आता दूरदृश्य पद्धतीने होत असल्याने मुंबईची गाडीही पकडावी लागत नाही.

सभेची सूचना किमान २१ दिवस आधी येते. ती ई-मेलच्या ढिगात हरवू देऊ नये, कारण वक्ता म्हणून नाव नोंदवण्याची मुदत त्यात शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असते. नोंदणी करताना प्रश्न लिहून पाठवावा आणि बोलताना तोच वाचावा; दोन-तीन मिनिटेच मिळतात आणि आधीचे वक्ते त्यातला निम्मा वेळ अध्यक्षांचे अभिनंदन करण्यात घालवतात. प्रश्न असा असावा: ‘मागील आर्थिक वर्षात हवामान व ऊर्जा यांविषयीच्या कोणकोणत्या शासकीय मसुद्यांवर कंपनीने, स्वतः किंवा संघटनांमार्फत, हरकती व सूचना पाठवल्या? त्या प्रती कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवण्यास संचालक मंडळाची हरकत आहे काय?’ शून्य उत्सर्जनाविषयी काही विचारू नये. त्यावर दहा मिनिटांचे तयार भाषण असते.

‘कंपनी सर्व लागू कायद्यांचे पालन करते’ असे उत्तर आले, तर आभार मानून, प्रश्न कायद्याविषयी नव्हता एवढे नोंदवावे, आणि त्याच दिवशी कंपनी सचिवांना तोच प्रश्न ई-मेलने पाठवावा. लेखी उत्तर आल्यास त्याची प्रत या सदराकडे जरूर धाडावी. कंपनीचे नाव गाळून पुढच्या अंकात छापू.